परसातली कोंबडी ओळखताना

कोंबडीची जात ओळखायला निघालेला माणूस आधी तिचा रंग पाहतो आणि बहुतेक वेळा तिथेच फसतो. रंग लांबून दिसतो, लक्षात राहतो, बाजारात विकणाऱ्यालाही सांगायला सोपा पडतो. पण अंगावरच्या सगळ्या खुणांत रंगाइतकी बेभरवशाची खूण दुसरी नाही. गावातल्या एका खुडूक कोंबडीखाली डझनभर अंडी ठेवली, तर तीन आठवड्यांनी निघणाऱ्या पिल्लांत एखादे काळे, दोन-चार तांबूस, एखादे पांढुरके आणि बाकीची पाठीवर पट्टे असलेली भुरी, असा सगळा मेळा असतो. आई एक, परस एक आणि रंग चार. म्हणून जाणकार उलट्या बाजूने सुरुवात करतात. आधी अंगाची चण, मग तुरा, चेहरा, पाय, पिसांची घडण, आणि रंग सगळ्यांत शेवटी.

चण पाहायची ती कोंबडी हातात धरून नव्हे, ती मोकळी चालत असताना. गावठी कोंबडी, म्हणजे देशावरची गावरान, अंगाने हलकी असते. वजन किलो-दीड किलोच्या आसपास, शेपूट वर उचललेली, पाय सडसडीत, मान सतत हलती. संध्याकाळी ती खुराड्यात जाण्याऐवजी आंब्याच्या किंवा शेवग्याच्या फांदीवर उडून बसली, तर तिच्या अंगात कारखानी रक्त फारसे नाही असे समजायला हरकत नाही. ऱ्होड आयलंड रेड दिसायला भरीव. पाठ जमिनीला समांतर, अंग लांबट चौकोनी, रंग गडद विटकरी. लेगहॉर्न त्याच्या उलट, बारीक आणि चपळ, शेपटीचा पसारा मोठा.

या सगळ्यांत न चुकता ओळखता येणारा पक्षी म्हणजे असील. तो उभा राहतो तोच छाती काढून. पाठीला शेपटीकडे उतार, मान लांब, पाय उंच आणि जाड, खांदे अंगापासून सुटलेले, डोळे खोल, भुवईचे हाड पुढे आलेले. पिसे आखूड आणि अंगाला घट्ट चिकटलेली असतात, त्यामुळे छातीच्या हाडाजवळ कातडी उघडी दिसते. चांगला कोंबडा चार-पाच किलो भरतो. आंध्र, तेलंगण, छत्तीसगड, ओडिशा हा त्याचा मुख्य मुलूख; तो पाळला गेला झुंजीसाठी, आणि त्याच्या अंगावरची जवळजवळ प्रत्येक खूण झुंजीने घडवलेली आहे. प्रतिस्पर्ध्याच्या चोचीत सापडेल असे काही अंगावर शिल्लक ठेवायचे नाही, हा तो हिशेब. एकोणिसाव्या शतकात हे पक्षी इंग्लंडात गेले, कॉर्नवॉल परगण्यात त्यांच्यापासून ‘इंडियन गेम’ म्हणजे कॉर्निश ही जात तयार झाली, आणि पुढे ब्रॉयलरच्या पितृवंशात कॉर्निश वापरली गेली. चौकातल्या चिकनच्या दुकानात दिसणारी ब्रॉयलरची रुंद छाती अशी वळसा घालून भारतात परत आली आहे.

चणीनंतर तुरा. तुऱ्याचे मुख्य प्रकार चार. एकेरी तुरा सर्वांना परिचित आहे: मांसाची एक उभी पाकळी आणि तिच्या काठावर पाच-सहा दाते. रानकोंबड्याचा तुरा असाच, गावठीचा बहुधा असाच, लेगहॉर्नचाही असाच. फक्त लेगहॉर्न मादीचा तुरा इतका वाढतो की एका डोळ्यावर कलंडतो. वाटाणा तुरा बसका असतो, त्यावर पुढून मागे तीन बारीक रांगा जातात. असीलला आणि ब्रह्मा जातीला तो असतो. गुलाब तुरा रुंद, चपटा, वर बारीक खडबडीत आणि मागे टोक निघालेला. चौथा अक्रोड तुरा, घड्या पडलेल्या मांसाच्या गोळ्यासारखा.

हा चौथा प्रकार कसा होतो, याचा उलगडा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला केंब्रिजमध्ये झाला. मेंडेलचे नियम नुकतेच पुन्हा उजेडात आले होते, आणि ते प्राण्यांनाही लागू पडतात हे विल्यम बेटसन यांनी १९०२ साली दाखवले ते कोंबड्यांच्याच आधाराने. पुढे त्यांनी आणि रेजिनाल्ड पनेट यांनी शुद्ध वाटाणा तुऱ्याच्या कोंबड्या शुद्ध गुलाब तुऱ्याच्या कोंबड्यांशी जुळवल्या. सगळी पिल्ले अक्रोड तुऱ्याची निघाली. ती आपसात जुळवल्यावर पुढच्या पिढीत नऊ अक्रोड, तीन वाटाणा, तीन गुलाब आणि एक एकेरी, असे प्रमाण मिळाले. दोन्ही आजोबा-आज्यांकडे नसलेला एकेरी तुरा नातवंडांत उगवला. दोन वेगळे जनुक एकाच तुऱ्यावर काम करतात, ही गोष्ट त्यातून स्पष्ट झाली. परसातल्या ओळखीच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे. एरवी गावठी दिसणाऱ्या तलंगेचा तुरा बसका आणि तीन रांगांचा असेल, तर मागच्या पिढ्यांत कुठेतरी असीलचे किंवा दुसऱ्या एखाद्या झुंजार जातीचे रक्त आले असण्याची शक्यता मोठी. पण तेवढ्यावरून तिला असील म्हणता येत नाही. एका जनुकाने तुरा बदलतो, उंची आणि हाड बदलत नाही.

चेहऱ्यावर आणखी एक जागा पाहण्यासारखी असते ती कानाची पाळी. लेगहॉर्नसारख्या भूमध्य समुद्राकाठच्या जातींची पाळी पांढरी असते आणि अंडीही पांढरी; ऱ्होड आयलंड रेड, ऑस्ट्रालॉर्प, असील यांची पाळी लाल आणि अंडी तपकिरी छटेची. यावरून पाळीच्या रंगाने अंड्याचा रंग कळतो असा समज आहे. ढोबळमानाने तो चालतो, पण पाळी आणि कवच यांचे जनुक वेगळे आहेत, त्यामुळे मिश्र कोंबड्यांत ही सांगड सहज तुटते. गावठीच्या लाल पाळीत पांढरा ठिपका दिसणे नेहमीचे, आणि तिची अंडी फिक्या बदामीपासून जवळजवळ पांढऱ्यापर्यंत कुठलीही. शहरात ‘गावरान’ म्हणून चढ्या भावाने विकल्या जाणाऱ्या एकसारख्या गडद तपकिरी अंड्यांची टोपली पाहिली, तर ती परसातून आली नसावीत असा संशय घ्यायला जागा आहे. खरी गावठी अंडी आकाराने लहान आणि रंगाने एकमेकांशी न जुळणारी असतात.

पायांकडे लोक फारसे पाहत नाहीत. वास्तविक कोंबडीच्या वंशाचा सर्वांत जुना पुरावा तिथेच असतो. सगळ्या पाळीव कोंबड्यांचा मुख्य पूर्वज लाल रानकोंबडा. त्याचे पाय पाटीच्या दगडासारखे करडे आणि कातडी पांढरी. मग जगभरच्या कोंबड्यांत पिवळे पाय आले कुठून? कातडीत पिवळे रंगद्रव्य साठू देणारा जनुकाचा प्रकार करड्या रानकोंबड्याकडून आला, असे २००८ साली उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिले. हा करडा रानकोंबडा भारतीय द्वीपकल्पाचा रहिवासी. सह्याद्रीच्या झाडीत पहाटे ज्याचे तुटक आरवणे ऐकू येते, तोच हा. मानेच्या पिसांवर मेणाच्या थेंबांसारखे पिवळट ठिपके असतात. म्हणजे कोकणातल्या पिवळ्या पायांच्या गावठी कोंबडीत, आणि अमेरिकेतल्या पिवळ्या कातडीच्या ब्रॉयलरमध्येही, या रानपाखराचा एक लहानसा वाटा आहे. डार्विनने १८६८ च्या ग्रंथात एकट्या लाल रानकोंबड्याला पूर्वज ठरवले होते. ते मोठ्या अंशी बरोबर निघाले, पायांपुरते मात्र अपुरे ठरले.

पायांचे बाकीचे रंग कातडीच्या दोन थरांच्या मेळातून होतात. आतल्या थरात काळे रंगद्रव्य आणि वर पांढरी कातडी असेल तर पाय निळसर करडे दिसतात. तेच काळे द्रव्य पिवळ्या कातडीखाली असेल तर पाय हिरवट होतात. एकाच खुराड्यातल्या भावंडांचे पाय वेगवेगळे निघतात ते यामुळे. पण इथे एक खोच आहे. पिवळा रंग खाद्यातून येतो, मक्यातून आणि हिरव्या पाल्यातून, आणि अंड्यांवर असलेली कोंबडी तो बलकात उतरवत जाते. आधी गुदद्वाराभोवतीची कातडी फिकी पडते, मग डोळ्यांची कड, कानाची पाळी, चोच, आणि सर्वांत शेवटी पाय. चार-पाच महिने सतत अंडी दिलेल्या पिवळ्या पायांच्या कोंबडीला परका माणूस पांढऱ्या पायांची समजेल. बोटेही मोजून घ्यावीत. साधारण चार असतात. पाचवे दिसले तर सिल्की किंवा डॉर्किंगसारख्या थोड्या जातींकडे बोट जाते. पाचबोटी कोंबड्या उत्तम मानल्या जात असल्याची नोंद रोमन शेतीलेखक कोलुमेला याने पहिल्या शतकात करून ठेवली आहे.

पिसांच्या घडणीच्या काही खुणा इतक्या ठळक असतात की लोक त्यांनाच जात समजतात. उघड्या मानेची कोंबडी हे उत्तम उदाहरण. मानेवर पिसे नसल्याने ती आजारी असावी असे पाहुण्याला वाटते; प्रत्यक्षात अंगातली उष्णता बाहेर टाकायला तिला मदत होते आणि कडक उन्हाळ्यात ती इतरांपेक्षा तग धरते. अशा कोंबड्या केरळात आणि ईशान्येकडे बऱ्याच दिसतात, युरोपात ट्रान्सिल्व्हेनियातही त्या आहेत. हा एका प्रभावी जनुकाचा परिणाम. दोन्ही पालकांकडून तो आला तर मान जवळजवळ पूर्ण उघडी, एकाकडूनच आला तर मानेच्या पुढच्या बाजूला पिसांचा एक झुपका राहतो. उफराट्या, बाहेर वळलेल्या पिसांच्या कोंबडीचेही तसेच: एक प्रत असेल तर पिसे कुरळी, दोन असतील तर ती इतकी ठिसूळ की पक्षी अर्धा उघडा पडतो. बरेलीजवळ इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने या दोन्ही जनुकांचा उपयोग करून उष्ण प्रदेशासाठी हितकारी आणि उपकारी ही वाणे तयार केली. पायांवर पिसे हे ब्रह्माचे लक्षण, पण उत्तराखंडातल्या उत्तरा जातीच्या पायांवरही ती असतात. ब्रह्मा हे नाव ब्रह्मपुत्रेवरून पडलेले असले तरी जात घडली अमेरिकेत, चीनमधून आणि चितगावकडून आलेल्या पक्ष्यांपासून.

आता रंग. गावठी कोंबडा बहुधा तांबडा-सोनेरी मानेचा, काळ्या छातीचा आणि हिरवी झाक मारणाऱ्या काळ्या शेपटीचा असतो. हा थेट रानकोंबड्याचा पोशाख. अनेक जाती मोकळ्या मिसळत राहिल्या की तो पुन्हा वर येतो. डार्विनने काळा स्पॅनिश कोंबडा आणि पांढरी सिल्की कोंबडी जुळवली, तेव्हा निघालेल्या पिल्लांपैकी एक कोंबडा रानकोंबड्यासारखा लालजर्द झाला. या पोशाखावरून शुद्ध देशी वंश सिद्ध होत नाही. फार तर असे म्हणता येते की इथे रंगावर कोणी निवड केलेली नाही. पांढरा रंगही असाच दगा देतो. लेगहॉर्नचा पांढरा दुसऱ्या रंगांवर मात करतो, काही जातींचा पांढरा लपून राहणारा असतो, आणि बाहेरून दोन्ही सारखेच. आडव्या पट्ट्यांच्या कबऱ्या कोंबडीला लगेच प्लिमथ रॉक म्हणण्याची घाई अनेकांना असते. पट्ट्यांचा जनुक लिंगगुणसूत्रावर असतो. नराला त्याच्या दोन प्रती मिळू शकतात, मादीला एकच, म्हणून शुद्ध पट्टेदार जातीत कोंबडा कोंबडीपेक्षा उजळ दिसतो. असीलवाल्यांनी तर रंगाला जातीच्या आत वेगळीच जागा दिली आहे: पीला, याकूब, नूरी, कागर, चित्ता, टीकर, रेझा अशी नावे आहेत. नूरी पांढरा, कागर काळा, पीला सोनेरी तांबडा. रंग कितीही वेगळे असले तरी चण आणि तुरा जुळल्याशिवाय त्यांना असील मानत नाहीत, आणि हीच पद्धत शहाणपणाची आहे.

रंगाने सर्वाधिक लोकांना फसवले ते कडकनाथच्या बाबतीत. ही मध्य प्रदेशातल्या झाबुआ, अलिराजपूर, धार या भागातली जात, भिल आणि भिलाला समाजांनी सांभाळलेली. तिकडे तिला कालामासी म्हणतात. झाबुआच्या कडकनाथच्या मांसाला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्यानंतर महाराष्ट्रातही तिची लाट आली. भाव चढले, पिल्ले विकण्याच्या आणि अंडी परत घेण्याच्या योजना निघाल्या, आणि २०१९ मध्ये पश्चिम महाराष्ट्रात अशाच एका योजनेत असंख्य शेतकरी बुडाले. त्या काळात काळी दिसेल ती कोंबडी कडकनाथ ठरत होती. ऑस्ट्रालॉर्पही काळी आणि हिरवी झाक मारणारी; पण तिचा तुरा आणि चेहरा लालभडक, तळपाय पांढरट. कडकनाथमध्ये काळेपणा पिसांपुरता राहत नाही. तुरा जांभळट काळा, जीभ काळी, कातडी, नखे, तळपाय, आतले पडदे, हाडांवरचे आवरण, सगळे काळपट. उलट पिसे मात्र नेहमी निव्वळ काळी नसतात. रुपेरी किंवा सोनेरी रेघांचे कडकनाथही अस्सल असतात. आणि अंडी काळी नसतात, ती फिक्या बदामी रंगाची असतात.

हा आतला काळेपणा एका गुणसूत्राचा तुकडा दुप्पट झाल्याने येतो. चिनी सिल्कीतही तोच फेरफार आहे. त्याला लगाम घालणारा दुसरा जनुक लिंगगुणसूत्रावर बसलेला असतो, त्यामुळे संकराचा परिणाम चमत्कारिक होतो. कडकनाथ कोंबडा फिक्या पायांच्या कोंबडीशी जुळवला तर मुली काळ्या कातडीच्या आणि मुलगे फिके निघतात. उलट जोडी लावली तर सगळीच पिल्ले फिकी. बेटसन आणि पनेट यांनी सिल्की आणि तपकिरी लेगहॉर्न यांच्यात हे पाहिले होते. म्हणून काळ्या कातडीच्या एका कोंबडीवरून सबंध खुराडे शुद्ध मानता येत नाही. तिचा भाऊ पाहावा लागतो.

सुधारित परसपक्ष्यांची अडचण याहून अवघड आहे, कारण ते गावठीसारखे दिसावेत म्हणून मुद्दाम तसे घडवलेले आहेत. बंगळूरचा गिरिराज, हैदराबादच्या संस्थेचे वनराज आणि ग्रामप्रिया, महाराष्ट्रात सर्वत्र विकले जाणारे सातपुडा हे पक्षी रंगीबेरंगी असतात. पांढरी कोंबडी घारीला आणि मुंगसाला लांबून दिसते, आणि गिऱ्हाईकही रंगीत कोंबडीलाच गावरान म्हणून जास्त पैसे मोजते. दोन्ही कारणे खरी आहेत. इथे पिसांकडे पाहून काहीच कळत नाही. पाहायचे ते पायाचे जाड हाड, रुंद छाती, जड चाल, आणि वर्षभरातली वागणूक. गावठी कोंबडी पंधरा-वीस अंड्यांनंतर खुडूक बसते, पिल्ले घेऊन हिंडते आणि वर्षाला साठ-सत्तर अंड्यांवर थांबते. सुधारित पक्षी क्वचितच खुडूक होतात आणि शंभरच्या पुढे सहज जातात. यांच्या पिल्लांची पिल्ले वाढवली की आईबापांचे गुण विस्कटतात. गावात दहा वर्षांपूर्वी वाटलेल्या वनराजचे वंशज आज नावानेच वनराज असतात.

महाराष्ट्राच्या मातीशी जोडलेली नोंदणीकृत जात म्हणजे बसरा. नंदुरबारमधला नवापूर, धुळ्यातला साक्री आणि पलीकडचा गुजरातचा आदिवासी पट्टा हे तिचे घर. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोकडे देशभरातल्या कोंबड्यांच्या वीसच्या आसपास जाती नोंदलेल्या आहेत, त्यांत ती आहे. हलकी, सावध, एकेरी तुऱ्याची. अंग बहुतेक पांढुरके, मानेवर, पाठीवर आणि शेपटीत काळी पिसे, खांद्यावर आणि पंखांवर तांबूस तपकिरी. तेही ढोबळ वर्णन. तिच्यात रंगांची विविधता बरीच. ज्या नवापुरात तिचे घर, तिथेच फेब्रुवारी २००६ मध्ये भारतातला पहिला बर्ड फ्लू आढळला, आणि व्यापारी कुक्कुटपालनातल्या पक्ष्यांबरोबर आसपासच्या गावांतल्या परसातल्या कोंबड्याही मारल्या गेल्या. मारताना जात पाहिली गेली नाही, पाहण्यासारखी ती वेळही नव्हती.

एवढे सगळे पाहायचे तेही योग्य वयात. दिवसाच्या पिल्लावरून जात सांगणे बहुधा अंदाजच असतो; पाठीवरचे पट्टे असंख्य जातींत दिसतात. तलंगेचा तुरा अंड्यावर येईपर्यंत फिका आणि लहान राहतो. पिसे गाळत असलेली कोंबडी कोणत्याच जातीची वाटत नाही. नर आणि मादी यांचा फरकही ध्यानात ठेवावा लागतो: कोंबड्याच्या मानेची आणि कमरेवरची पिसे टोकदार, कोंबडीची गोलसर, आणि रंग कित्येकदा इतके वेगळे की दोघे एका जातीचे आहेत यावर विश्वास बसत नाही. म्हणून एकट्या पक्ष्याच्या छायाचित्रावरून दिलेला निकाल कच्चा समजावा. जातीची नोंद करणारे संशोधक गावोगावचे प्रौढ पक्षी, दोन्ही लिंगांचे, मोठ्या संख्येने तपासतात. वजन, पायाच्या नळीची लांबी, तुऱ्याचे प्रकार, कातडी आणि पाळीचे रंग यांचे प्रमाण मांडतात, अंड्यांचा हिशेब ठेवतात. घरी एवढे शक्य नसते. घरची कसोटी निराळी आहे आणि तिला एक हंगाम लागतो. सारखे दिसणारे कोंबडा-कोंबडी वेगळे बांधायचे, आधीच्या कोंबड्याचा असर जावा म्हणून तीन आठवडे थांबायचे, मग धरलेली अंडी उबवायची आणि पिल्ले तुरे येईपर्यंत वाढवायची. वाटाणा तुऱ्याच्या आईबापांच्या पिल्लांत एकही एकेरी तुरा उगवला, तर दोघेही मिश्र.